मातीविना किती दिवस?

सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात आज कुणी नवी लागण करतो, तेव्हा त्या उसाचा पहिला महिना अनेकदा मातीत गेलेलाच नसतो. एक डोळ्याचं बेणं कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा भरलेल्या ट्रेमध्ये उगवतं, शेडनेटखाली चार-सहा आठवडे काढतं आणि मग सरीत जातं. नारायणगाव, संगमनेर, पिंपळगाव भागातल्या टोमॅटोचंही तेच. गादीवाफ्यावर बी टाकून, रोपं उपटून लावणारा टोमॅटोवाला तिकडे आता शोधावा लागतो. खानदेशातली केळी तर याच्याही पुढे गेली आहे. ग्रँड नैन जातीचं ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरचं) रोप आधी बाटलीत, अगरच्या जेलीवर वाढतं, मग कोकोपीटमध्ये रुळतं आणि त्यानंतर कधीतरी त्याला जळगावची काळी माती दिसते. मातीविना शेती महाराष्ट्रात केव्हाच आली, रुजली आणि शेतकऱ्याच्या हिशोबात बसलीही. तिला कुणी त्या नावाने हाक मारत नाही, एवढंच.

त्या नावाने जे हाक मारून विकलं जातं ते वेगळं आहे. पांढऱ्या पीव्हीसी पाइपांचे मजले, जांभळे दिवे, लेट्यूसचे गड्डे, आणि ‘९० टक्के पाणी वाचवा, गुंठ्यात एकराचं उत्पन्न घ्या’ हा मथळा. दोन दिवसांच्या प्रशिक्षणाची फी भरली की प्रमाणपत्र मिळतं, आणि त्याच सभागृहाबाहेर सेटअप विकणाऱ्याचा स्टॉल असतो. ही खासगी हौस असती तर त्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०२५ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत हायड्रोपोनिक्स (मातीऐवजी क्षार घातलेल्या पाण्यात पीक), अ‍ॅक्वापोनिक्स (माशांच्या टाकीतल्या पाण्यावर पीक) आणि उभी शेती (मजल्यांवर मजले रचून पीक) या तिन्हींना जागा मिळाली आहे. म्हणजे आता अनुदान आलं, अनुदानामागून बँकेचं कर्ज आलं, आणि कर्जामागून सातबाऱ्यावरचा बोजा. त्यामुळे मातीविना शेतीवर सरकारने पैसा घालावा का, आणि घालायचा तर तिच्या कोणत्या रूपावर, हा सार्वजनिक प्रश्न झाला आहे.

माझं म्हणणं असं, की पैसा रोपाच्या बालपणावर घालावा, त्याच्या संसारावर नाही. कारण सांगायला एक साधा हिशोब पुरतो.

टोमॅटोला एकरी साधारण ६,००० रोपं लागतात. ९८ कपांचा एक ट्रे धरला तर साठ-एकसष्ट ट्रे झाले. ट्रे एकमेकांना चिकटून मांडले तर जागा लागते जेमतेम १०० चौरस फूट. म्हणजे एका एकराचं पीक पहिले पंचवीस दिवस एका खोलीएवढ्या जागेत मावतं. त्या खोलीला कीटकरोधक जाळी लावा, धुतलेलं कोकोपीट वापरा, मोजून खत द्या, दिवसातून चार वेळा बघायला माणूस ठेवा. हा सगळा खर्च पुढे चार-पाच महिने उभ्या राहणाऱ्या अख्ख्या एकरावर विभागला जातो. हायब्रीड बियाण्याचा दाणा मोजून घ्यावा लागतो अशा दिवसांत एकेक दाणा रोप होऊन बाहेर पडणं हीच मोठी कमाई. उसात पारंपरिक लागणीला एकरी दोन-अडीच टन ऊस बेणं म्हणून गाडला जायचा. एक डोळ्याच्या रोपांना त्याचा लहानसा हिस्सा पुरतो, आणि उरलेला ऊस कारखान्याला जातो. इथे माती वगळण्याचं कारणही चोख आहे. कोवळ्या मुळाला मर लावणारी बुरशी आणि सूत्रकृमी मातीतूनच येतात.

आता हाच खर्च पंचवीस दिवसांऐवजी वर्षभर आणि १०० चौरस फुटांऐवजी पूर्ण एकरावर करा. हिशोब तिथेच मोडतो. हे आज कळलेलं नाही, जवळपास नव्वद वर्षांपूर्वी कळलं होतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या विल्यम गेरिक यांनी १९२९ च्या सुमारास एक धाडसी गोष्ट मांडली. क्षारांच्या पाण्यात झाडं वाढवण्याचा प्रकार तोवर प्रयोगशाळेतला होता. जर्मनीत साक्स आणि नॉप यांनी १८६० च्या आसपास तो पक्का केला, तो झाडाला नेमकं काय लागतं हे शोधण्यासाठी. गेरिक म्हणाले, याचा धंदा करता येईल. त्यांनी हौदांत टोमॅटोचे वेल इतके उंच वाढवले की फळं शिडीवर चढून तोडावी लागत. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव १९३७ मध्ये रूढ झालं आणि अमेरिकेत लाट आली. लोक घरात हौद मांडू लागले, क्षारांची पाकिटं विकणारे उगवले. मंदीचा काळ, धुळीची वादळं, उघडी पडलेली शेतं, अशा वेळी ‘मातीच नको’ हे वाक्य किती गोड लागलं असेल याची कल्पना करता येते.

विद्यापीठाकडे चौकशीच्या पत्रांचा पाऊस पडू लागला तेव्हा त्याच संस्थेतल्या डेनिस होगलंड आणि डॅनियल अर्नन या दोघांना ही पद्धत तपासायला सांगण्यात आलं. त्यांनी सरळ काम केलं. त्याच काचगृहात, त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावर टोमॅटो मातीत लावले, वाळूत लावले आणि पाण्यात लावले. १९३८ च्या त्यांच्या पत्रकातला निष्कर्ष कोरडा होता. नीट सांभाळलेली माती आणि नीट सांभाळलेलं पाणी यांच्या उत्पादनात म्हणावा असा फरक नाही. पीक किती येणार हे उजेड, हवामान आणि माणसाची निगा ठरवते, माती काढून टाकल्याने जादू होत नाही. जिथे माती नाही किंवा बिघडली आहे, तिथे मात्र ही पद्धत उपयोगी. गंमत म्हणजे त्या दोघांनी याच कामासाठी बसवलेलं क्षारांचं प्रमाण आज जगभरच्या प्रयोगशाळांत ‘होगलंड द्रावण’ म्हणून वापरतात. पद्धतीला सर्वांत पक्कं सूत्र दिलं ते तिच्यावर भाळायला नकार देणाऱ्यांनी.

‘जिथे माती नाही’ ही अट तेव्हाही खरी होती, आजही आहे. पॅसिफिक महासागरातल्या वेक बेटावर १९३० च्या दशकात पॅन अमेरिकन कंपनीची विमानं इंधन भरायला उतरत. प्रवाळाच्या त्या बेटावर भाजी पिकवायला माती नव्हती, म्हणून हौदांत भाजी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने जपानमध्ये चोफूला खडीतली शेती उभी केली, कारण मैल्याच्या खतावर वाढलेली कच्ची भाजी त्यांना सैनिकांच्या ताटात नको होती. आज दुबईत एमिरेट्स विमानकंपनीची मोठी उभी शेती आहे. तिथल्या मराठी माणसाने सुपरमार्केटमधून तिची पालेभाजी आणली असेल तर त्यात काही विपरीत नाही. विमानाने लेट्यूस आणण्यापेक्षा वाळवंटात वीज जाळून पिकवणं त्यांना परवडतं. आपल्याकडे भारतातही शोल्टो डग्लस यांनी १९४६-४७ मध्ये कालिंपाँगला खडी-वाळूत कोरडे क्षार टाकून करायची स्वस्त ‘बंगाल पद्धत’ बसवली होती. पंप नाही, काच नाही. तिची आठवण आज पाइप विकणाऱ्यांना होत नाही, कारण तिच्यात विकण्यासारखं फारसं काही नाही.

मग ९० टक्के पाणी वाचतं हे खोटं आहे का? खोटं नाही. अ‍ॅरिझोनातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये लेट्यूसचा हिशोब मांडला. शेतात एका किलोला सुमारे २५० लिटर पाणी, हायड्रोपोनिक्समध्ये सुमारे २० लिटर. जागेमागे उत्पन्न दहापट. जाहिरातीत इथवरचं वाचून दाखवतात. त्याच तक्त्यातला पुढचा रकाना असा आहे: शेतात किलोमागे ऊर्जा १,१०० किलोज्यूल, हायड्रोपोनिक्समध्ये ९०,०००. त्याचं घरगुती भाषेत रूपांतर केलं तर २५ युनिट वीज. आठ रुपये युनिट धरा, एक किलो पाल्यामागे विजेचेच २०० रुपये. आणि लेट्यूसमध्ये ९५ टक्के पाणीच असतं, म्हणजे २५ युनिट जाळून हातात आला ५० ग्रॅम कोरडा पदार्थ. यातली बहुतेक ऊर्जा काचगृह थंड-गरम ठेवण्याची आहे, तेव्हा साध्या शेडनेटखाली खर्च कमी येईल, हे कबूल. पण साध्या शेडनेटखाली एप्रिलमध्ये काय होतं?

पाणी तापतं. २० अंशांना लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. पाइपातून वाहणारं पाणी तापलं की मुळं गुदमरतात आणि पिथियम नावाची बुरशी त्यांच्यावर बसते. पांढरी मुळं दोन-तीन दिवसांत तपकिरी, बुळबुळीत होतात. मग पाणी थंड करणारा चिलर बसवा. चिलरला वीज लागते आणि ती खेड्यात कधी असते हे ज्याचं त्याला माहीत. जमिनीतल्या पिकाची लाईट गेली तर ते दोन दिवस तग धरतं, मातीने धरलेल्या ओलाव्यावर. पाइपातल्या झाडाला असा आधारच नाही. भर उन्हात पंप दोन-तीन तास बंद पडला की पीक माना टाकतं. म्हणजे इन्व्हर्टर आला, जनरेटर आला.

आणि पाण्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी मला कुठल्याच माहितीपत्रकात दिसलेली नाही. या पद्धतीला सुरुवातीचं पाणी जवळजवळ क्षारमुक्त लागतं, कारण त्यात आपल्याला मोजून क्षार घालायचे असतात. मराठवाड्यातल्या किंवा नगर-सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यातल्या बोअरचं पाणी तसं असतं का? नसतं, म्हणून आरओ लावतात. आरओ शंभर लिटरमधलं बरंच पाणी जास्त खारट करून बाहेर टाकतो. अर्धं टाकलं असं धरलं, तर पाण्याचा खरा खप दुप्पट झाला. आणि ते खारट पाणी जातं कुठे? बांधाकडेच्या चरात. तुलनाही कशाशी करतात बघा. पाट सोडून भिजवलेल्या शेताशी. ठिबक आणि मल्चिंगवरच्या शेताशी केली तर ती ९० टक्क्यांची दरी बरीच भरून निघते, आणि ठिबक आपल्याकडे नवी गोष्ट राहिलेली नाही.

खताचंही असंच. मातीत चूक झाली तर माती ती थोडीफार पोटात घालते. पाण्यात चूक झाली की संध्याकाळपर्यंत पान सांगतं. शिवाय सगळा आहार पोत्यातून येतो: कॅल्शियम नायट्रेट, १३:०:४५, ०:५२:३४, चिलेटेड लोह. यातली बरीच विद्राव्य खतं चीनहून येतात, आणि २०२५ मध्ये चीनने त्यांची निर्यात रोखून धरली तेव्हा नाशिकच्या द्राक्षवाल्यांपासून सगळ्यांना त्याची झळ लागली. द्राक्षाच्या मुळाखाली निदान माती होती. त्यामुळे हायड्रोपोनिक भाजीवर ‘रसायनमुक्त’ असं लेबल लावलेलं पाहिलं की हसू येतं. त्या झाडाने जन्मात रसायनांखेरीज काही खाल्लेलं नसतं. त्यात वाईट काही नाही, नायट्रेट ते नायट्रेट. पण मग लेबल तरी खरं लावा. युरोपच्या कायद्यात मातीशिवाय वाढलेल्या भाजीला सेंद्रिय म्हणता येत नाही, इतकी स्पष्टता आपल्या बाजारात आली तरी पुष्कळ.

ज्यांच्याकडे पैसा, वीज आणि ग्राहक तिन्ही होते त्यांचं काय झालं, हेही थोडक्यात पाहू. अमेरिकेतल्या एरोफार्म्स आणि अ‍ॅपहार्वेस्ट २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या, बाउरी २०२४ च्या शेवटी बंद पडली, प्लेंटीनेही २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. यांच्यामागे गुंतवणूकदारांचे कोट्यवधी डॉलर होते. ते बुडाले तर त्यांची मुलं शाळा सोडत नाहीत. आपल्याकडे पॉलिहाऊसचा अनुभव फार जुना नाही. अनुदान होतं, बँका तयार होत्या, जरबेरा आणि रंगीत ढोबळीचे दर कागदावर छान होते. नंतर दर पडले, वादळात प्लास्टिक फाटलं, आणि पॉलिहाऊसवाले कर्जमाफी मागत रस्त्यावर आले. फूल पिकवता येत नव्हतं अशी तक्रार कुणाचीच नव्हती. पीक उत्तमच होतं, बाजार छोटा होता. लेट्यूसचा बाजार तर जरबेऱ्याहून लहान आहे. मेथी-शेपूची जुडी घेताना पाच रुपयांवर घासाघीस करणारे आपण, किलोला पाचशे रुपये देऊन पाला घेणार तो पिझ्झावर टाकण्यापुरता.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकतो तो हायड्रोपोनिक चारा. लेट्यूसचं नुकसान हौशी माणसाचं होतं, चाऱ्याचं नुकसान दुष्काळात सापडलेल्या माणसाचं. दर दुष्काळात ही टूम नव्याने येते. ट्रेमध्ये मक्याचं बी पसरा, दिवसातून सात-आठ वेळा पाणी शिंपडा, आठव्या दिवशी हिरवीगार गादी. एक किलो मक्यातून पाच-सहा किलो चारा! चारा छावण्यांसमोर रांगा लागलेल्या असताना हे चित्र कुणाच्याही काळजाला हात घालतं. गोव्यात तर राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून दूध संस्थांना त्याची मोठी यंत्रं मिळाली.

आता गाईच्या बाजूने बघू. एक किलो मक्यात ९०० ग्रॅमच्या आसपास कोरडा पदार्थ असतो, उरलेली ओल. आठ दिवसांनी मिळालेल्या साडेपाच किलो हिरव्या चाऱ्यात कोरडा पदार्थ १२-१४ टक्के, म्हणजे ७०० ग्रॅमच्या जवळपास. उरलेले २०० ग्रॅम गेले कुठे? अंकुराने खाल्ले. उगवताना बी स्वतःतला स्टार्च जाळतं आणि आठ दिवसांच्या कोंबाला, तेही सावलीत, तो भरून काढण्याइतका सूर्यप्रकाश मिळत नाही. वजन वाढलं ते पाण्याने. म्हणजे ९०० ग्रॅमचं खाद्य विकत घेतलं, आठ दिवस राबलो, पाणी आणि वीज घातली, आणि गाईपुढे ७०० ग्रॅम ठेवलं. त्यापेक्षा मका भरडून आंबोणात घातला असता तर अख्खा पोटात गेला असता. कोंबात जीवनसत्त्वं वाढतात, पचनीयता थोडी सुधारते, गोव्यातल्या चाचण्यांत दूध थोडं वाढल्याच्या नोंदी आहेत. जिथे जमीनच नाही आणि हिरवं काहीच मिळत नाही तिथे तोंडी लावायला म्हणून त्याला जागा आहे. पण त्याला चारा ‘उत्पादन’ म्हणणं ही हिशोबाची चूक आहे. उत्पादन कशाला म्हणतात? राहुरीच्या कृषी विद्यापीठाची आफ्रिकन टॉल मका एकरी ३० किलो बियाण्यावर वीस-पंचवीस टन हिरवी वैरण देते. एका किलो बियाण्यामागे सातशे किलो. फरक माती आणि उन्हाचा आहे.

दुष्काळात त्या मक्याला पाणी नसतं, हे खरंच. म्हणून उत्तर असायला हवं मुरघासाचं. पाऊसमान बरं असलेल्या वर्षी, बरं असलेल्या तालुक्यात वैरण करून ती पिशव्यांत दाबून ठेवायची आणि वाईट वर्षी हलवायची. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, मुरघासाला आंबूस वासही येतो. पण जनावर जगतं ते त्यावर. मका इथेनॉलसाठीही लागत असताना तो उगवून त्याचा पाचवा हिस्सा हवेत घालवायला अनुदान देणं मला तरी समजत नाही.

इथे कुणी म्हणेल की मातीचं एवढं कौतुक भावनेपोटी आहे. मी ‘काळी आई’ वगैरे एकदाही म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. झाडाचं वजन मातीतून येत नाही हे तर सतराव्या शतकात व्हान हेल्मोंटने विलोचं झाड कुंडीत पाच वर्षं वाढवून दाखवलंच होतं. १६० हून अधिक पौंड झाड वाढलं आणि माती घटली काही औंस. महाराष्ट्रात ही गोष्ट गांभीर्याने घेतली ती कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी. त्यांचा प्रयोग परिवार उन्हाचा हिशोब करायचा. पानावर किती ऊन पडलं, त्याची किती साखर झाली, तासगावच्या द्राक्षबागायतदारांना त्यांनी हे असं मोजायला शिकवलं. त्यांच्याकडे झाडाच्या मुळाखाली काय असे? कुजवलेला काडीकचरा, चिपाडं, आणि थोडी माती. मुंबईत गच्चीवरच्या बागा या विचारावर उभ्या राहिल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवरची बाग स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावरच वाढली. तीही जवळजवळ मातीविनाच म्हणायची. पण ती वीज खात नाही, कचरा खाते. शहरात मातीविना काही करायचंच असेल तर पालिकेने डम्पिंग ग्राउंडला जाणारा ट्रक हलका करणाऱ्या या गच्च्यांना मालमत्ता करात सवलत द्यावी. जांभळ्या दिव्यांना कशाला?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जमीन नसलेल्या, शिकलेल्या तरुणाला शेतीत शिरायला ही एक वाट आहे, आणि तंत्र स्वस्त होत जाईल, असं म्हणतात. सोलर स्वस्त झालं, एलईडी स्वस्त झाले, हे खरं. तरीही उन्हाची वीज करायची, विजेचा उजेड करायचा आणि तो पानावर पाडायचा, या प्रत्येक पायरीवर गळती आहे. आणि आपल्याकडे वर्षाचे आठ महिने ऊन फुकट पडतं. तरुणाला वाट हवी असेल तर माझ्या मते ती रोपवाटिकेत आहे. पाच-दहा गुंठ्यांत शेडनेट, ट्रे, कोकोपीट, एक छोटी टाकी. गिऱ्हाईक तालुक्यातच, माल नाशवंत असला तरी मागणी ठरलेली, कारण रोप लोक आधी बुक करतात. राज्य सरकारने २०२० मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आणली ती याच दिशेने, आणि तिचं स्वागतच करायला हवं. कोकणात नारळाची सोडणं बंबात जळतात आणि आपण कोकोपीटच्या विटा तमिळनाडूतून आणतो, याकडे मात्र कुणी बघत नाही.

पण रोपवाटिकेवर पैसा घालायचा तर तिच्यावर नजरही ठेवावी लागेल, आणि इथे आपला कारभार अगदी ढिला आहे. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, अकोले, संगमनेर भागात टोमॅटो झाडावरच पिवळे-पांढरे पट्टे घेऊन पिकू लागले. लोकांनी त्याला ‘तिरंगा’ नाव दिलं. नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले, आणि काकडीवरच्या मोझॅक विषाणूसह एकाहून जास्त विषाणू सापडले. मग सुरू झाली ढकलाढकली. बियाणं कंपनी म्हणाली रोपवाटिका, रोपवाटिकावाला म्हणाला बियाणं, आणि कृषी खातं म्हणालं मावा आणि हवामान. रावेर-यावलच्या केळीत हाच मोझॅक विषाणू आला तेव्हाही रोपातून आला की शेतात मावा घेऊन आला, हा वाद तसाच लोंबकळला. शेतकऱ्याला सिद्ध काहीच करता आलं नाही, कारण त्याच्या हातात कागदच नव्हता.

बियाण्याच्या पाकिटावर १९६६ च्या बियाणे कायद्याने लॉट नंबर, उगवणशक्ती, तारीख छापावी लागते. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी राज्यात १९६९ पासून कायदा आहे. पण टोमॅटोचं तेच बी ट्रेच्या कपात पडलं आणि रोप झालं की त्याचं लेबल कचऱ्यात जातं. शेतकरी नेतो ती रोपं कुठल्या लॉटची, कधी टाकलेली, ट्रे निर्जंतुक केला होता की गेल्या हंगामातला तसाच वापरला, याची नोंद ठेवण्याचं बंधन भाजीपाल्याच्या रोपवाटिकेवर असायला हवं, आणि पावतीवर ते उतरायला हवं. पाच ओळींची पावती. पाइपांच्या एका मजल्याच्या अनुदानात एका तालुक्यातल्या सगळ्या रोपवाटिकांना पावतीपुस्तकं आणि कीटकरोधक जाळ्या पुरवता येतील असं मला वाटतं.

केंद्राने २०२४ च्या ऑगस्टमध्ये १,७६५ कोटींचा स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला. देशात नऊ केंद्रं, त्यातली तीन महाराष्ट्रात: पुण्याला द्राक्षासाठी, नागपूरला संत्र्यासाठी, सोलापूरला डाळिंबासाठी. विषाणू तपासलेलं मातृझाड, त्याच्यापासून ऊतिसंवर्धन, मग प्रमाणित रोपवाटिका. डाळिंबवाल्याने तेल्या रोगापायी बागा उपटलेल्या पाहिल्यात, त्याला याचं मोल सांगावं लागत नाही. बटाट्याचंही असंच करता येईल. आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार खरिपात बटाटा करतं आणि बियाणं आणतं पंजाबहून, ट्रक भाड्यासकट. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने एरोपोनिक्सची पद्धत बसवली आहे. अंधाऱ्या पेटीत मुळं लोंबकळतात, त्यांच्यावर क्षारांचा फवारा बसतो आणि एका रोपाला नेहमीच्यापेक्षा कितीतरी जास्त रोगमुक्त कंद लागतात. हे मातीविना शेतीचंच तंत्र, तेच पंप, तेच क्षार, तशीच वीज. पण त्यातून निघालेला एकेक कंद पुढे शेतात दोन-तीन पिढ्या वाढतो आणि मग एकरच्या एकर लागवडीला पुरतो, म्हणून तिथे विजेचं बिल परवडतं. असं एक बीजकेंद्र मंचर-खेडच्या आसपास उभं करायला लागणारा पैसा अनुदानाच्या यादीत शोधायला गेलं, तर तो आज उभ्या शेतीच्या रकान्यात सापडेल.